बैठकीतला सहावा कप

१९७९ सालची गोष्ट. पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी नुकताच मुद्रितशोधक म्हणून लागलो होतो. तळमजल्यावर छापखाना आणि कुरकुरणाऱ्या लाकडी जिन्याच्या टोकाला प्रकाशकांची खोली. दर शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या खोलीत बैठक जमे. तिला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, इतिवृत्त तर नव्हतेच. स्वतः प्रकाशक, दोन लेखक, मुखपृष्ठे करणारे एक चित्रकार आणि अप्पा बळवंत चौकातले एक पुस्तकविक्रेते, असे पाच जण. समोरच्या हॉटेलातला पोऱ्या तारेच्या स्टँडात पाच कप घेऊन वर जाई आणि तासाभराने पुन्हा पाच. मी प्रुफे घेऊन वर जाई, टेबलाच्या कडेला ठेवी आणि खाली येई. वरचे हसणे खाली यंत्राच्या खडखडाटातही ऐकू येई. आपणही त्या खोलीत बसावे असे मला फार वाटे. वय तेवीस होते आणि पुस्तके लिहिणारी माणसे तोवर मी फक्त मलपृष्ठावरच्या छायाचित्रांत पाहिली होती.

त्या दिवसांत ग्रामीण जीवनावरची एक कादंबरी जुळणीला होती. आमच्याकडचे एक ज्येष्ठ जुळारी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. त्यांनी हातातली स्टिक खाली ठेवली आणि मला हाक मारली. छापखान्यात मला सगळे ‘मास्तर’ म्हणत. ‘‘मास्तर, हितं चुकलंय बघा. बैलं वढत हुती, कासरा तुटला आन् मोट हिरीत पडली, असं लिवलंय. कासरा तर मोटकऱ्याच्या हातात आसतोय. त्यो तुटला तर बैलं बुजतील. मोट कशी पडंल? नाडा तुटाय पायजे, नाडा!’’

मी वाढलो शहरात. कासरा काय आणि नाडा काय, मला दोन्ही दोरच. पण मी प्रुफाच्या समासात ‘कासरा की नाडा?’ असे लिहिले आणि शनिवारी ते पान वर नेले. लेखक तिथेच बसले होते. त्यांनी वाचले, क्षणभर थांबले आणि मोठ्याने हसले. ‘‘अरे, खरंच की! लाज राखलीत तुम्ही.’’ प्रकाशकांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. ‘‘बसा,’’ म्हणाले, आणि खिडकीतून खाली ओरडले, ‘‘आणखी एक चहा पाठव रे!’’ कुणीतरी विचारले, ‘‘तुमच्या घरी शेती का?’’ मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे माझे मलाच सांगता आले नसते. चूक कुणी पकडली हे मी बोललो नाही. तो सहावा कप मी प्यायलो आणि ज्यांनी तो मिळवून दिला ते खाली स्टिक हातात घेऊन उभे होते.

या गोष्टीला पंचेचाळीसहून अधिक वर्षे उलटली. तो छापखाना राहिला नाही, ती बैठकही नाही. परंतु पुस्तकांच्या धंद्यातल्या अशा बैठकांचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी तो कप आठवतो. या बैठकांचे मोल काय आणि त्यांचा दोष काय, हे दोन्ही त्या एका कपात होते.

दप्तरात न सापडणारा इतिहास

मराठी प्रकाशनाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस पुस्तकांच्या याद्या पाहील, जमाखर्च पाहील, करारपत्रे पाहील. पण पुस्तके कशी निघाली हे त्याला त्यात पुरते सापडणार नाही. कारण पुष्कळशी पुस्तके आधी बोलण्यात निघतात आणि मग कागदावर येतात.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले ते काही सभागृहात ठराव मांडून नव्हे. श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी मंडळी रविवारी चहाला जमत. कविता वाचायच्या, त्यांची चिरफाड करायची आणि पुढे मंडळाच्या नावानेच त्या छापायच्या. म्हणजे चहाच्या बैठकीचेच प्रकाशनगृह झाले!

गिरगावात खटाववाडीतले ‘मौज’चे कार्यालय हा असाच एक मुक्काम. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’त आलेली कथा पुन्हा पुन्हा लिहून घ्यावी, लेखकाने रागावून परत जावे आणि चार दिवसांनी सुधारलेला खर्डा घेऊन यावे, हे तिथे नित्याचे होते. संपादन नावाचे शास्त्र मराठीत कुठल्या वर्गात शिकवले जात नव्हते. ते खटाववाडीतल्या त्या खुर्च्यांवर शिकवले गेले.

पुण्यात रा. ज. देशमुख आणि सुलोचनाबाई देशमुख यांच्याकडेही लेखकांचा राबता असे. मराठी कादंबरीवर तोंडसुख घेणाऱ्या एका तरुणाला देशमुखांनी ‘मग तुम्हीच लिहा’ अशा अर्थाचा आग्रह केला. त्या तरुणाने गावी जाऊन थोड्याच दिवसांत कादंबरी लिहून काढली. १९६३ साली देशमुखांनी ती छापली. तरुणाचे नाव भालचंद्र नेमाडे आणि कादंबरी ‘कोसला’. आता हा आग्रह पत्राने करता आला असता का? मला शंका आहे. समोरासमोर बसून वाद घालणाऱ्या माणसालाच असे आव्हान देता येते.

गिरगावातच ‘मॅजेस्टिक’चे केशवराव कोठावळे होते. त्यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढले आणि त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहू लागले. लेखक-प्रकाशकांच्या बैठकीतली थट्टा, रुसवेफुगवे, कोण कुणाकडे गेला आणि कोण कुणावर रागावला, हे सारे त्या सदरातून महाराष्ट्रभर पोहोचले. बार्शीचा किंवा बेळगावचा वाचक ते वाचून आपणही त्या खोलीत बसलो आहोत असे समजू लागला. पुढे ‘मॅजेस्टिक गप्पां’नी तर गप्पांना मांडवच घातला. अर्थात समोर खुर्च्या मांडल्या आणि ध्वनिक्षेपक लावला की गप्पांचा कार्यक्रम होतो. तो चांगलाच, पण ती बैठक नव्हे.

आणि मुंबईत काळा घोड्याजवळचे वेसाइड इन! अरुण कोलटकर दर गुरुवारी दुपारी तिथल्या टेबलाशी बसत. मित्र येत, जात. अशोक शहाणे त्यांतले एक. शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने २००३ साली ‘भिजकी वही’ काढली आणि २००४ साली ‘काला घोडा पोएम्स’. त्या इंग्रजी कवितांतला चौक म्हणजे त्या टेबलावरून दिसणारा चौक. कवी, प्रकाशक आणि विषय असे तिन्ही एका खिडकीशी जमल्याचे उदाहरण दुसरीकडे सहसा सापडणार नाही. ते उपाहारगृह आता नाही. पुस्तके आहेत.

गप्पा लागतातच कशाला?

कुणी म्हणेल, कापडाच्या व्यापाऱ्यांचीही बैठक असते, त्यात विशेष ते काय? विशेष असे की पुस्तकाचा धंदा जवळजवळ सगळा विश्वासावर चालतो. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती साधारणपणे हजार-अकराशे प्रतींची. कागद उधारीवर, बांधणी उधारीवर, विक्रेत्याला दिलेला मालही बहुधा उधारीवर. लेखकाच्या हाती पैसे येतात ते सर्वात शेवटी. यात कोण शब्दाचा पक्का आणि कोण नुसता गोड बोलणारा, याची नोंद कुठल्या वहीत नसते. ती चहाच्या टेबलावर मिळते.

दुसरे कारण तांत्रिक आहे. खिळ्यांच्या छपाईत छापखान्याकडे खिळे मोजकेच असत. सोळा पानांचा फर्मा छापून झाला की खिळे सोडायचे, घरोघरी परत टाकायचे आणि पुढच्या फर्म्याला घ्यायचे. त्यामुळे जुळवलेली पाने फार दिवस अडवून ठेवता येत नसत. लेखकाला निरोप जाई, ‘प्रुफे तयार आहेत, येऊन पाहा.’ लेखक येई, पण दुरुस्त्या होईपर्यंत थांबावे लागे. थांबायचे म्हणजे चहा आला, चहा आला म्हणजे गप्पा आल्या. दिवाळी अंकांच्या दिवसांत, श्रावणापासून कोजागरीपर्यंत, छापखान्यात रात्री दहालाही चार लेखक बसलेले असत. त्या बैठका कुणी भरवल्या नाहीत. त्या थांबण्यातून आपोआप भरल्या.

मी जे काही शिकलो ते या थांबण्यातच. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडली. ते छापील पत्रकात होतेच. पण बोलीतल्या संवादाला ते लावायचे नाहीत आणि लेखकाची लकब म्हणजे चूक नव्हे, हे मला पत्रकाने नाही सांगितले. ते एका वृद्ध मुद्रितशोधकांनी भजी खाता खाता सांगितले. कुणाच्या हस्ताक्षरात ‘भ’ आणि ‘म’ सारखाच दिसतो, कोणता लेखक शेवटच्या प्रुफात नवे प्रकरण घालतो, हीसुद्धा विद्याच होती. ती पुस्तकात नव्हती.

उंबरठ्याच्या बाहेर

इथवर वाचून जुने ते सोने म्हणणाऱ्यांना बरे वाटले असेल. पण त्या सहाव्या कपाकडे पुन्हा यावेच लागते. बैठक अनौपचारिक असते म्हणजे तिला दार नसते असे नाही. उलट नियम लिहिलेले नसल्यामुळे दार कुठे आहे तेच बाहेरच्याला समजत नाही. सभेला निमंत्रण आले नाही तर तक्रार करता येते. गप्पांना बोलावले नाही, म्हणून कुणाकडे तक्रार करायची?

मराठीत हे दुखणे जुने आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेला जोतीराव फुल्यांना बोलावणे गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्या मंडळींच्या विचारात आमची सुखदुःखे नाहीत त्यांच्यात येऊन आम्ही काय करणार, असा त्या नकाराचा रोख होता. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या तरुण मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तोही याच उंबरठ्यावरचा राग. ‘सत्यकथे’ने काय छापले याइतकाच तो तिथे कुणाला बसायला मिळते याबद्दलचा होता, असे मला वाटते. मग बाहेरच्यांनी आपापल्या बैठका घातल्या. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’भोवती दलित लेखकांचा मेळा जमला. १९७४ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकालाच बैठकीत ओढले आणि १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले. बैठक बदलली की पुस्तके बदलतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. लंडनच्या प्रकाशन व्यवसायात अशा बैठकांची परंपरा मोठी आहे आणि तिच्यातही हे दार दिसते. ह्यू वॉलपोल या कादंबरीकाराच्या पुढाकाराने तिथे १९२१ साली ‘सोसायटी ऑफ बुकमेन’ नावाचे मंडळ निघाले. प्रकाशक, विक्रेते, लेखक एकत्र जेवत आणि धंद्याचे बोलत. त्या जेवणांतून ग्रंथप्रसाराची मोठी कामे उभी राहिली. पण नावातच ‘मेन’ होते आणि कित्येक वर्षे तिथे बायकांना प्रवेश नव्हता. वरिष्ठांच्या जेवणात ज्यांना जागा नव्हती त्या तरुण नोकरदारांनी १९४९ साली ‘सोसायटी ऑफ यंग पब्लिशर्स’ काढली. आणि १९७९ साली, म्हणजे मी तो सहावा कप प्यायलो त्याच वर्षी, ‘विमेन इन पब्लिशिंग’ स्थापन झाली. एकमेकींना भेटायचे, कुठे कोणती जागा रिकामी आहे ते सांगायचे, कुणाला किती पगार मिळतो ते विचारायचे. गप्पाच त्या, पण पोटापाण्याच्या.

याच शहरात त्याआधी दोनशे वर्षांपूर्वी एक निराळे टेबल होते. जोसेफ जॉन्सन हा सेंट पॉल्स चर्चयार्डातला प्रकाशक आपल्या दुकानाच्या माडीवर आठवड्याला जेवण ठेवी. जेवण साधे, उकडलेला मासा, भाज्या आणि तांदळाचे पुडिंग. पण त्या टेबलाशी नामवंत लेखकांच्या शेजारी त्याच्यासाठी भाषांतरे आणि परीक्षणे करून पोट भरणारी एक तरुण बाईही बसे आणि बरोबरीने वाद घाली. ती मेरी वुलस्टनक्राफ्ट. १७९१ साली एका जेवणाला विल्यम गॉडविन आला होता तो टॉमस पेनला ऐकायला, पण बोलत राहिली ही बाई, आणि गॉडविन वैतागला! पुढे १७९७ साली त्या दोघांनी लग्न केले, ही गोष्ट वेगळी. स्त्रियांच्या हक्कांवरचा तिचा ग्रंथ जॉन्सननेच १७९२ साली काढला. कामाच्या माणसाला पंगतीत घेतले की काय होते, हे त्या माडीवर दिसले.

आता कप कोण मोजतो?

आज खिळे गेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावरची जुळणी आली आणि थांबणे संपले. थांबणे संपले तसे भेटणेही संपले. आता पुस्तक पीडीएफच्या रूपाने फिरते. लेखक नागपूरला, मुद्रितशोधक डोंबिवलीला, मुखपृष्ठ करणारी मुलगी नाशिकला आणि छपाई भलतीकडेच. एका पुस्तकावर सहा महिने काम केलेल्या चार माणसांनी एकमेकांना कधीच पाहिलेले नसते. हे वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. डोंबिवलीच्या बाईंना घर सांभाळून काम मिळते, पूर्वी ते मिळाले नसते. पण त्या एकट्या आहेत.

माझ्या ओळखीच्या अशाच एका बाई घरी बसून प्रुफे तपासतात. एका प्रकाशकाकडे त्यांचे तीन पुस्तकांचे पैसे अडकले. आपलेच काही चुकले असेल, काम पसंत पडले नसेल, असे समजून त्या दोन वर्षे गप्प बसल्या. मग एका ग्रंथप्रदर्शनात गाळ्यामागे डबा खाताना आणखी तिघी भेटल्या. बोलता बोलता कळले की चौघींचेही पैसे तिथेच अडकले आहेत! चौघींनी मिळून पत्र पाठवले आणि पैसे आले. त्या मला म्हणाल्या, ‘‘पैशांपेक्षा, माझं काम वाईट नव्हतं हे कळलं, त्याचं जास्त बरं वाटलं.’’ दोन वर्षांचा मनस्ताप एका डब्याने संपवला. हा डबा दोन वर्षे आधी का उघडला गेला नाही, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून मला वाटते, प्रकाशन व्यवसायातल्या माणसांनी पुन्हा नियमाने भेटायला हवे. त्यासाठी संस्था नको, पदाधिकारी नकोत, सत्कार तर नकोतच. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर बंगाली नववर्षाच्या दिवशी प्रकाशकांची दुकाने उघडी असतात. लेखक, चित्रकार येतात, मिठाई होते, शहाळी फोडली जातात, नव्या पुस्तकांचे बोलणे होते. कुणाचे भाषण नाही. आपल्याकडेही असा एक दिवस होताच. खंडेनवमीला छापखान्यात यंत्रांना हार घातला जाई, खिळ्यांच्या केसांना हळदकुंकू लागे. त्या एका दिवशी मालक, लेखक, जुळारी, यंत्रावरचा माणूस आणि बांधणी करणाऱ्या बाया एकाच सतरंजीवर बसून पेढे खात. वर्षातला एकच दिवस, पण जिन्याच्या वरचे आणि खालचे एकत्र येत. तो महिन्याला एकदा यावा, इतकेच म्हणणे आहे. कुठल्याही शहरात, एखाद्या साध्या हॉटेलात, ज्याचा त्याने आपला चहा घ्यावा. अट एकच. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर मानल्या जाणाऱ्या एकाला सोबत आणावे. संपादकाने मुद्रितशोधकाला, मुद्रितशोधकाने अक्षरजुळणी करणाऱ्याला, विक्रेत्याने गाळ्यावरच्या पोराला. खालच्या माणसाला काय ठाऊक असते, हे वरच्याला बसल्याशिवाय कळत नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी धीर केला. पेढ्याची वाटी घेऊन त्या जुळाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकले, ‘‘त्या कासऱ्याचं श्रेय मी घेतलं. चहा माझ्यासाठी आला, तो तुमचा होता.’’ ते माझ्याकडे बघून हसले. ‘‘चाचं काय येवढं, मास्तर? नाडा बराब्बर छापला का न्हाई?’’

छापला होता. मी त्यांना पान दाखवले. त्यांनी ते हातात धरून शेवटपर्यंत वाचले. आपण जुळवलेले पुस्तक छापून झाल्यावर सवडीने वाचायला कुणी आपल्या हातात दिल्याची ही पहिलीच वेळ, असे ते म्हणाले. तेव्हा त्यांना या कामात सव्वीस वर्षे झाली होती.